बीआरसीए टू बिघडला म्हणजे नेमकं काय बिघडलं?

प्रश्न: मावशीला ओव्हरीचा कॅन्सर झालाय. रिपोर्टमध्ये बीआरसीए टू पॉझिटिव्ह आलं आणि केमोनंतर ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू झाल्यात. 'पेशींची होमोलॉगस रिकॉम्बिनेशनची दुरुस्ती चालत नाही' एवढंच डॉक्टर म्हणाले. हे काय असतं? आणि मला काही धोका आहे का?

उत्तर: आधी एक गैरसमज काढून टाका, बीआरसीए टू हा कॅन्सरचा जीन नाही, तो सगळ्यांतच असतो आणि कॅन्सर होऊ नये म्हणून राबत असतो, मावशींकडे त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आली.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की पेशी एकतर टोकं तशीच जोडून टाकते, पटकन होतं पण मधली चारदोन अक्षरं गळू शकतात. नाहीतर होमोलॉगस रिकॉम्बिनेशन. विभागणीआधी डीएनएची अख्खी कॉपी काढलेली असते ना, त्या जुळ्या प्रतीत बघून तुटलेला भाग पुन्हा लिहायचा. पैठणीची बुट्टी फाटली की शेजारची बुट्टी बघत रफू करतात तसं.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते शोधणं. तुटलेल्या टोकाचा एक धागा कुरतडला जातो, दुसरा मोकळा राहतो, त्याच्यावर आरएडी ५१ ही प्रोटीनं ओळीने चढून बसतात आणि तो धागा अब्जावधी अक्षरांतून स्वतःशी जुळणारा मजकूर हुडकतो, सापडला की जुळ्या प्रतीच्या दोन धाग्यांमध्ये घुसून पुढचं उतरवून घेतो. आरएडी ५१ ला धाग्यावर आणून बसवतो तो बीआरसीए टू. तोच नसेल तर शोध सुरूच होत नाही.

गोळी याचाच फायदा घेते. ती पार्प नावाचं प्रोटीन अडवते, मग एका धाग्याच्या बारीक चिरा तशाच राहतात आणि कॉपी काढताना दोन्ही धागे तुटतात. मावशींच्या बाकीच्या पेशींत बीआरसीए टूची एक चांगली प्रत आहे, त्या निभावून नेतात, गाठीतल्या पेशींनी बहुतेक वेळा तीही गमावलेली असते म्हणून त्या मरतात. २००५ मध्ये हे लॅबमध्ये दिसलं, २०१४ मध्ये ओलापॅरिबला मंजुरी मिळाली.

तुमचं म्हणाल तर आधी आईची टेस्ट करा. तिच्यात हा बदल नसेल तर तो तिच्याकडून तुमच्यात येणार नाही, असेल तर तुमच्यात यायची शक्यता ५० टक्के. मावशींचा रिपोर्ट घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे जा, आणि मामा असतील तर त्यांनाही सांगा, हा बदल पुरुषांकडूनही मुलांत जातो.