ट्रॅक्टर ट्रॉलीचे टायर: वाचकांचे प्रश्न

कांद्याचा हंगाम आला की तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून ही उत्तरं एकदाच.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असं गावात सगळे म्हणतात. खरं का? (निफाड)

सगळे चुकीचं म्हणतात. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, त्याची कड सतत वाकते आणि सरळ होते. त्यातून उष्णता तयार होते आणि आतल्या धाग्यांवरची रबराची पकड सुटते. त्यात बाजूंना जादा फळ्या चढवून उंच भरलेला कांदा! लासलगावच्या वाटेवर टायर फुटला की दोष मात्र उन्हाला. लाथ मारून किंवा लोखंडी टॉमी ठोकून हवा कळत नाही, हवा मोजायचं गेज घ्या. सकाळी निघण्यापूर्वी, टायर गार असताना मोजा. चालून तापला की दाब वाढतोच, तेव्हा हवा सोडायची नाही. किती भरायची? टायरच्या कडेवर कमाल भार आणि दाब छापलेला असतो. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनकाट्याची पावती घेऊन टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा आणि तेवढ्या वजनाला किती दाब ते विचारा. शेजाऱ्याची ट्रॉली वेगळी, तिचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

नायट्रोजन भरावा का? (पिंपळगाव बसवंत)

साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे. त्या पैशात गेज येईल.

दुकानदार म्हणतो टायर नवाच आहे, नक्षीही भरपूर. पण कडेला बारीक तडे आहेत. (सटाणा)

काळं पॉलिश मारलं की सगळेच नवे दिसतात. कडेवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. ट्रॉली वर्षातले कित्येक महिने उन्हात उभी असते. नक्षी झिजत नाही, रबर मात्र म्हातारं होतं. तडे दिसत असताना घेऊ नका. घेतला असेल तर रिमवरून उतरवून जाणकाराकडून आतूनही तपासून घ्या.

टायरला कडेला फुगा आलाय. हंगाम निघेल का?

नाही. आजच बदला.

राहुड घाट उतरताना ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. (चांदवड)

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचं ऐकू नका. क्लचही दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेले हवेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर वळतो. हुकाच्या पिनेला लॉक आणि सोबत साखळी हवीच. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर भरलेली ट्रॉली घाटात घालू नका. असतील तर पुढच्या खेपेआधी मेकॅनिककडून तपासून घ्या.