दूरदर्शनचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालंय, तरी वडील उगाच गच्चीवरचा अँटेना काढू देत नाहीत. त्यावर सह्याद्री दिसेल का?

जुन्या टीव्हीवर नाही दिसणार. हवेतून येणारं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर किंवा तसा बॉक्स हवा. पण वडिलांचं 'उगाच' चाललंय असं जे लिहिलंत, ते मला लागलं.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुढे पाठवणाऱ्या सहक्षेपणामुळे पुण्यात दिसायला लागलं. आमच्या अँटेनाचं तोंड त्यामुळे कायम सिंहगडाकडे. एका पावसाळ्यात वाऱ्याने त्याच्या दोन कांड्या मोडल्या. पडदाभर मुंग्या, माणसं नुसती आकारावरून ओळखायची, पण आवाज खणखणीत. अण्णांनी त्याच अवस्थेत सगळ्या बातम्या ऐकल्या, शेजारचे दोघे उंबऱ्यात उभे होते. डिजिटलचं तसं नसतं. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की चित्राचे चौकोन पडतात, मग चित्र आणि आवाज दोन्ही जातं. अशक्त सिग्नलवरही काहीतरी पोचायचं, ही अॅनालॉगची मोठी गोष्ट होती आणि ती कुणी मोजलीच नाही.

२०१३ मध्ये पुण्यात केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा आमचा दादा अण्णांना म्हणाला, "ते भंगार उतरवा आता." मी तेव्हाही भांडलो, आजही भांडेन. जे केंद्र फुकट हवेतून घरात येत होतं, त्यासाठी दर महिन्याला पैसे भरायचे याला मी सुधारणा म्हणत नाही. २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. किती घरांना ते कळलं? दुकानात टीव्ही घेताना टी२ ट्यूनर आहे का, हे विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. लोकांच्या हातात यंत्र न देता जुनं बंद करत गेले, माझा राग त्यावर आहे.

तंत्रज्ञान वाईट नाही, हेही सांगतो. एका अॅनालॉग वाहिनीच्या जागेत डिजिटलच्या कितीतरी वाहिन्या मावतात, आणि सिग्नल पुरेसा असला तर चित्र स्वच्छच येतं.

सह्याद्रीच बघायचं असेल तर डीडी फ्री डिशची छत्री लावा, महिन्याचं भाडं नाही. अँटेना लांब कांड्यांचा असेल तर तो व्हीएचएफ या खालच्या लहरीपट्ट्याचा, डिजिटलला आखूड कांड्यांचा, वरच्या यूएचएफ पट्ट्याचा लागतो. तरी वडील नको म्हणताहेत तोवर उतरवू नका. दादाने अण्णा गावाला गेलेले असताना आमचा उतरवला होता, आणि त्यावरून मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाही.