कोल्हापूरहून येऊन गोव्यात गणपतीच्या मूर्ती करायच्या, तर कशाची तयारी हवी?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात पीओपीचं काम केलंय, आता डिचोलीत गाळा घेऊन चतुर्थीच्या मूर्ती कराव्यात का. कराव्यात, पण पहिल्याच वर्षी गाळा घेऊ नका.

गोव्यात पीओपीच्या मूर्तींना बंदी आहे, म्हणजे काम चिकण मातीतच. हात तयार असेल, पण सवय पीओपीची. पीओपी बाहेर पाऊस असो की ऊन, अर्ध्या तासात घट्ट होतो. माती पाणी सोडूनच वाळते, आणि जून-जुलैत इथली हवा ते पाणी घेतच नाही. फूटभर मूर्तीला पंधरा-वीस दिवस धरा. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला. हे अठरा दिवस सगळे वाळवणीचे, म्हणून ऑर्डर घेण्याआधी पंचांग बघा.

माती मे महिन्यातच भरून ताडपत्रीखाली ठेवा. ढेकळं फोडून दोन-तीन दिवस भिजवायची, गाळायची, पाणी निथळलं की दहा किलोला दोन मुठी पिंजलेला कापूस घालून मळायची. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली तर मळणी कमी पडली.

साचे नेहमीच्या दुप्पट ठेवा. पीओपीचा साचा मातीतलं पाणी ओढून घेतो म्हणून मूर्ती सुटते. पावसात तो वाळत नाही. तीन-चार मूर्ती काढल्या की माती चिकटते आणि सोंडेचं टोक साच्यातच राहतं.

पोट आणि बैठक पोकळ, भिंत इंच-दीड इंच, तळाला भोक. तडे बहुतेक गळ्याला, कोपराला आणि सोंडेला जातात, कारण बारीक भाग आधी आकसतो आणि धड ओलंच असतं. तिथे ओलं फडकं गुंडाळून ठेवा. घाईने शेगडी लावलीत तर वरची साल वाळते, आत ओल राहते आणि आठवड्याभरात रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मूर्ती गालाला लावून बघा, गार लागली तर रंगवायची नाही. अस्तराच्या खडूत सरस (चिकटपणासाठी घालतात तो) जास्त झाला तरी पोपडे निघतात, कमी झाला तर रंग हाताला येतो.

आता पाट. मूर्ती ज्यावर बसवायची तो पाट गिऱ्हाईक स्वतः चित्रशाळेत (मूर्तीच्या कारखान्यात, इथे नुसतं शाळा म्हणतात) आणून देतं, मागे घराचं नाव लिहिलेलं असतं. माती फुटामागे पाऊण-एक इंच आकसते, लाकूड आकसत नाही. थेट पाटावर थापलीत तर बैठक मधोमध चिरते; मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला.

पाट देणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शाळा बदलत नाहीत, आणि मूर्तीचं रूपही ठरलेलं असतं. नवीन काही करून दाखवायची ही जागा नव्हे. म्हणून पहिला हंगाम एखाद्या चालू चित्रशाळेत रोजावर काढा. मळणी, साचे, अंगाचा रंग मिळेल. डोळ्यांची आखणी मालक स्वतः करतो, ती मागू नका. हस्तकला महामंडळाचं मूर्तीमागचं अनुदान इथल्या पारंपरिक मूर्तिकारांसाठी आहे, ते हिशेबात धरू नका.

पुढच्या वर्षीचा गाळा बघायचा तर भर जुलैत बघा. भिंतीला ओल कुठे येते ते मे महिन्यात कळत नाही.