परदेशातून सायकलचे पार्ट मागवले तर कस्टम ड्युटी किती लागते? ‘गिफ्ट’ लिहून सुटका होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात राहता, जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानात मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) इथल्यापेक्षा बरीच स्वस्त दिसते आहे. सायकल ग्रुपमधला एकजण सांगतो 77 टक्के ड्युटी पडते, दुसरा सांगतो साडेछत्तीस, तिसरा म्हणतो दुकानदाराला ‘गिफ्ट’ लिहायला सांग, काहीच पडत नाही. खरं कोणाचं?

पहिले दोघंही खरं बोलताहेत, फक्त दोघांचेही आकडे जुने आहेत. तिसऱ्याचं ऐकू नका.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण मी हे पैसे भरून शिकलोय. मी नाशिकचा. 2023 मध्ये कॅसेट, मागचा डिरेलर आणि दोन चेन असा साधारण 20,000 रुपयांचा माल बाहेरून मागवला. कुरियरचं भाडं 2,500. मागवण्याआधी मी मोठ्या शहाणपणाने कस्टमचं दरपत्रक उघडून बसलो होतो. सायकलच्या सुट्या भागांचं शीर्ष, म्हणजे दरपत्रकातला त्या मालाचा वर्ग-क्रमांक, 8714. मूळ सीमाशुल्क 20 टक्के, त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर तेव्हाचा 12 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. शंभर रुपयांच्या मालाला 20 अधिक 2, झाले 122. त्यावर 12 टक्के म्हणजे 14 रुपये 64 पैसे. एकूण 36.64 टक्के. तुमचा दुसरा मित्र हाच आकडा सांगतोय.

हे टक्के नुसत्या मालाच्या किमतीवर लावत नाहीत, हे बरेच जण विसरतात. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लावतात. विमा उतरवलेला नसला किंवा त्याचा आकडा कागदावर नसला, तरी किमतीच्या 1.125 टक्के धरून चालतात. माझ्या पार्सलचं मूल्य त्या हिशेबाने 22,725 रुपये आणि ड्युटी 8,326 रुपये. तेवढे पैसे बाजूला काढून मी निवांत होतो.

कुरियरवाल्याचा मेसेज आला तो 17,562 रुपयांचा.

मी भांडलो. फोनवर भांडलो, मेलवर भांडलो. तुम्ही चुकीच्या शीर्षाखाली बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरणपत्र) भरलंत, हे सायकलचे पार्ट आहेत, 8714 लावा, असं चार वेळा लिहून पाठवलं. त्यांनी थंडपणे कळवलं की माल वैयक्तिक वापराचा आहे, म्हणून 9804. पार्सल अडकून राहिलं असतं तर गोदामाचं भाडं चढलं असतं, म्हणून शेवटी पैसे भरले आणि मग रागाच्या भरात दरपत्रकाचं 98 वं प्रकरण वाचायला घेतलं. तिथे पहिल्याच टिपेत माझं डोकं खाली आलं. त्या प्रकरणाच्या अटींत बसणारा माल, दुसरीकडे कुठे त्याचं अधिक नेमकं शीर्ष असलं तरी, या प्रकरणातच धरायचा असं तिथे स्वच्छ लिहिलंय. आणि 9804 म्हणजे पोस्टाने किंवा विमानाने आलेला, स्वतःच्या वापराचा, शुल्क लागणारा माल. कुरियरवाला बरोबर होता. त्याची बोलण्याची पद्धत बरोबर नव्हती, पण ते वेगळं.

त्या वेळी 9804 ला मूळ शुल्क 35 टक्के, अधिभार साडेतीन आणि आयजीएसटी 28 टक्के होता. 138.5 वर 28 टक्के लावून बघा, एकूण 77.28 येतं. तुमच्या पहिल्या मित्राचा आकडा हाच.

म्हणजे गंमत बघा. तोच डिरेलर दुकानदाराने विकायला आणला तर 36.64 आणि मी माझ्या सायकलला लावायला आणला तर 77.28! शिवाय दुकानदाराकडे आयात-निर्यात कोड (व्यापारासाठी आयात करायला लागणारा नोंदणी क्रमांक) असतो, तो भरलेला आयजीएसटी पुढे आपल्या विक्रीच्या करातून वजा करून घेतो. त्याच्या खिशाला खरा चटका 22 टक्क्यांचाच. स्वतःपुरतं मागवणाऱ्याला कोड लागत नाही ही सोय, पण वजावटही नाही.

आता चांगली बातमी. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा सायकल आणि तिचे सुटे भाग 12 वरून 5 वर आले, आणि 28 चा टप्पाच गेल्यामुळे 9804 ला 18 टक्के लागू झाला. त्यानंतर फेब्रुवारी 2026 च्या बजेटात वैयक्तिक वापराच्या मालावरचं मूळ सीमाशुल्क 20 वरून 10 टक्के केलं. (35 वरून 20 वर ते मधल्या काळात आलं होतं.) तेव्हा आज तुमच्या पार्सलवर सगळं मिळून तीस टक्क्यांच्या आसपास धरा. दुकानदाराला सुट्या भागांच्या शीर्षाखाली 28.1 पडतात. जी दरी चाळीस टक्क्यांची होती ती दोन-तीन टक्क्यांवर आली. माझं तेच पार्सल आज आलं असतं तर साडेसतरा हजारांच्या जागी सात हजार गेले असते. असो.

सुट्या भागांवर मुळात 20 टक्के का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. 2012 च्या बजेटात सायकलींवरचं शुल्क 10 वरून 30 आणि भागांवरचं 10 वरून 20 केलं गेलं. लुधियानाच्या सायकल कारखान्यांना बाहेरच्या मालापासून आडोसा हवा होता. साध्या काळ्या सायकलीच्या पेडल-रिमपुरतं ते समजण्यासारखं आहे. पण बारा गिअरची कॅसेट लुधियानात आडोशाला ठेवायलाही नव्हती, त्यामुळे आपल्यासारख्यांनी इतकी वर्षं जो कर भरला त्याने नेमकं कोणाचं रक्षण झालं हे मला आजवर उमगलेलं नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणी सांगेल की शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीचा माल जपानचा, जपानशी आपला करार आहे, ड्युटी कमी लागेल. त्यात अडकू नका. करारातली सवलत मिळायला त्या देशाचं मूळ-प्रमाणपत्र लागतं, आणि माल तिकडूनच थेट यावा लागतो. जर्मनीतल्या गोदामातून निघालेल्या एका डब्यासोबत असा कागद कोणी देत नाही. डब्यावर ‘मेड इन जपान’ छापलेलं असून उपयोग नाही.

‘गिफ्ट’बद्दल. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतची भेटवस्तू बिनशुल्क येत असे. चिनी संकेतस्थळांवरचा माल या नावाखाली इतका येऊ लागला की डिसेंबर 2019 मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने ती वाटच बंद केली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद. आता डब्यावर गिफ्ट लिहा नाहीतर आहेर लिहा, शुल्क पूर्ण लागतं. जर्मनीतलं दुकान तसं लिहूनही देणार नाही. काही विक्रेते न विचारताच 15 डॉलरचं बिल लावून पाठवतात. तो उपकार नव्हे. तपासणीवरच्या माणसाने पार्ट नंबर मोबाइलवर टाकला की खरी किंमत अर्ध्या मिनिटात समोर येते. मग जाहीर केलेली किंमत नाकारता येते, माल जप्त होऊ शकतो, वर दंड. आणि पार्सल हरवलं तर विम्याचे पैसेही 15 डॉलरच मिळतात.

तुम्हाला करण्यासारख्या खऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली म्हणजे जर्मनीतल्या किमतीत 19 टक्के त्यांचा व्हॅट असतो, आणि युरोपाबाहेर माल पाठवताना चांगलं दुकान तो काढून टाकतं. पत्त्यात भारत निवडल्यावर किंमत खाली येते का ते बघा. 238 युरोची वस्तू 200 ची व्हायला हवी. होत नसेल तर ते दुकान सोडा, नाहीतर तिकडचा कर आणि त्या करावर इकडचा कर असं दोन्ही भराल. दुसरी, बिलावर भाडं वेगळं दाखवायला सांगा. भाड्याचा आकडा कुठूनच कळत नसेल तर मालाच्या किमतीच्या 20 टक्के धरायची नियमात तरतूद आहे, आणि लहान डब्याला खरं भाडं बहुधा त्याहून कमीच असतं.

कुरियरने मागवलंत तर डबा मुंबईत सहारला उतरला की केवायसी मागतात, पॅन किंवा आधार. त्यासोबत दुकानाचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा त्याच दिवशी पाठवून द्या. ‘उद्या बघू’ केलंत की दिवसाचं भाडं सुरू. ड्युटी तुमच्या वतीने आधी कुरियरवालेच भरतात आणि त्याबद्दल स्वतःचं शुल्क लावतात, त्या शुल्कावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. माझ्यासारखा ड्युटीचा हिशेब अचूक करून हे शुल्क विसरणारे खूप भेटतात. ऑर्डर देण्यापूर्वी कुरियरला हा आकडा विचारा, आणि बिल ऑफ एंट्री भरण्याआधी तिची प्रत मागा. एकदा भरली की दुरुस्ती आणि परतावा यांचा रस्ता कायद्यात आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगून ठेवलंय की मूळ आकारणी बदलून घेतल्याशिवाय नुसता परताव्याचा अर्ज चालणार नाही. दोन-तीन हजारांसाठी ते कोण करतंय!

साध्या पोस्टाने आलं तर हा व्याप कमी. विदेश डाकघरात आकारणी होते आणि पोस्टमन दारात ड्युटीची पावती दाखवून पैसे घेतो. वेळ जास्त लागतो आणि तो किती हे पोस्टमनलाही माहीत नसतं.

मित्रांसाठीही मागवून घेऊ, भाडं वाटून जाईल, असा विचार येईलच. एकाच मापाच्या चार कॅसेट एका डब्यात दिसल्या की ‘वैयक्तिक वापर’ म्हणणं अवघड होतं, आणि मग आयात-निर्यात कोड दाखवा म्हणतात. आपापलं मागवा.

पुण्यात राहता म्हणजे म्युनिकला किंवा श्टुटगार्टला कोणी ना कोणी भाचा-पुतण्या असणारच. तो सुट्टीत येणार असेल तर हे सगळं वाचलंत त्याबद्दल माफ करा. प्रवाशाच्या सामानाची बिनशुल्क मर्यादा 2026 च्या नव्या बॅगेज नियमांनी 50,000 वरून 75,000 रुपये झाली आहे. डिरेलर आणि कॅसेट तिच्यात आरामात बसतात. नवरा-बायको दोघं येत असले तरी दोघांच्या मर्यादा एकत्र करून एक महाग चाकांची जोडी आणता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. बिल सोबत असू द्या. आणि इलेक्ट्रॉनिक गिअरची सुटी बॅटरी असेल तर ती हातातल्या बॅगेत, बेल्टवर टाकायच्या बॅगेत नाही. उलट, तुम्हीच कधी स्पर्धेसाठी आपली सायकल घेऊन बाहेर गेलात तर जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना चकचकीत कार्बनची सायकल बघून ‘ही कुठून आणली’ हा प्रश्न येतो.

वॉरंटीचं आधी ठरवा. बाहेरून घेतलेल्या पार्टला इथला वितरक सहसा हात लावत नाही. परत पाठवायचं भाडं तुमचं, आणि कंपनीने बदलून दिलेला पार्ट ‘फुकट’ असला तरी कस्टमच्या लेखी त्याला किंमत असते, त्यावर पुन्हा ड्युटी लागू शकते. म्हणून डिरेलरच्या बाबतीत मी जरा बिचकतो, कॅसेटच्या बाबतीत नाही. कॅसेट बिघडत नाही, झिजते.

तुमच्या मालाचा ढोबळ हिशेब असा होईल: दुकानातली किंमत 238 युरो, व्हॅट गेल्यावर 200, भाडं 30 धरू, ड्युटी साधारण 70. तीनशे झाले, म्हणजे तिकडच्या छापील किमतीच्या सव्वापट, आणि वर कुरियरचं शुल्क. तोच पार्ट पुण्यातला दुकानदार तिकडच्या त्याच छापील किमतीच्या 1.3 पटीपर्यंत देत असेल तर मी त्याच्याकडूनच घेईन, बसवूनही तोच देतो. त्याने दीडपट सांगितली तर आधी भाच्याला फोन करा.