हवाई दलाच्या ट्रेनिंग स्क्वाड्रनला इतिहास असतो का, की तिथं नुसती पोरं शिकवतात?

'नुसती पोरं शिकवतात' हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या नानांकडून, म्हणजे चुलत्यांकडून, तीस वर्षं ऐकतोय.

आमचं गाव साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्याच्या शेजारचं. अपशिंग्यातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यामुळं या पट्ट्यात फौजी म्हणजे पायदळातलाच. नाना मराठा लाइट इन्फंट्रीचे सुभेदार. मी हवाई दलात एअरमन, किरण या शिकाऊ जेट विमानावर इंजिन फिटर.

1932 ला हवाई दल उभं राहिलं तेव्हा आपले पहिले वैमानिक इंग्लंडात क्रॅनवेलला शिकले. दुसऱ्या महायुद्धात निकड पडली, मग बेगमपेठ, जोधपूर, अंबाल्याला शाळा निघाल्या. टायगर मॉथ विमानावर हात बसवायचा, पुढं हार्वर्ड विमानावर. 1951 ला एचटी-2 हे देशी शिकाऊ विमान पहिल्यांदा उडालं, 1964 ला किरण. दोन्हींमागं विमानांचे रचनाकार डॉ. वि. मा. घाटगे, आपल्या कोल्हापूरकडचे. हे सांगितलं की नाना गप्प बसतात, पण दोनच मिनिटं.

कारण त्यांच्याकडं पान्ह्याची गोष्ट आहे, आणि ती मीच मूर्खासारखी सांगितली होती. 1994 चा हिवाळा. सकाळी उड्डाणाआधी टूल बोर्डावर एक पान्हा कमी. बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यामुळं रिकामी जागा लांबूनही डोळ्यांत खुपते. रात्री मी हात लावलेली तिन्ही विमानं थांबली. पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायला, निघालेला कॅडेट हेल्मेट काखेत धरून तासभर उभा, नजर माझ्यावर. आम्ही पॅनेलं खोलली, आरसा आणि बॅटरी घेऊन सीटखाली शिरलो. पान्हा सापडला दुपारी, माझ्याच डांगरीच्या अस्तरात, फाटक्या खिशातून घसरलेला. शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती.

नाना म्हणाले, "एका पान्ह्यासाठी अख्खी लाइन बंद? अशानं लढाई होती व्हय?"

तो पान्हा कंट्रोलच्या दांड्यांत अडकला असता तर वीस वर्षांचं पोरगं गेलं असतं, हे त्यांना कधी पटलं नाही. ट्रेनिंग स्क्वाड्रनचा इतिहास असाच असतो: काय घडलं नाही, त्याचा. त्याला पदक मिळत नाही.

आणि शिकवण्यात हयगय झाली की काय होतं तेही बघा. जेट शिकवायला चांगलं विमान हवं असं विमान अपघातांवर नेमलेल्या ला फाँटेन समितीनं 1982 ला सांगितलं. त्यासाठी हॉक या ब्रिटिश शिकाऊ जेटचा करार झाला 2004 ला, विमानं बीदरच्या तळावर दाखल 2008 ला. तोवर किरण-इस्क्रासारख्या संथ शिकाऊ जेटवरनं उतरलेली पोरं थेट मिग-21 या वेगवान लढाऊ विमानावर चढत होती. प्राथमिक धडे द्यायच्या एचपीटी-32 विमानाचं तेच. 31 जुलै 2009 ला मेदककडं दोन प्रशिक्षक गेले, तेव्हा कुठं ते जमिनीवर बसवलं. मग 2013 ला पिलाटस हे नवं शिकाऊ विमान येईपर्यंत प्राथमिक धडेही आमच्या म्हाताऱ्या किरणवरच. दिरंगाई करणाऱ्यांना आमची टूल बोर्डाची शिस्त लावायला हवी होती.

तर हो, इतिहास असतो. मी पायलट नव्हे हे आधी सांगायला हवं होतं. कॉकपिटमध्ये बसलो तो इंजिन रन-अपपुरता, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून तपासण्यापुरता, तेव्हा बोलणं फिटरचं समजून घ्या. आणि पायदळाला कमी लेखायचं नाही, घरात जेवण बंद होईल.

नाना आता 84 चे. परवा बावधनच्या बगाडाला भेटले. पाया पडलो तर चार पाहुण्यांसमोर विचारलं, "घावला का रं पान्हा?"