इंटरनेटवर सापडलेल्या अजब आणि मजेदार वेबसाइट कोणत्या?

तुम्ही विचारलंय की रिकाम्या वेळात पाहण्यासारख्या अजब साइट सांगा, पण पाच मिनिटांत कंटाळा येईल अशा नकोत. तुमची ही दुसरी अटच कामाची आहे. नेटवर अशा याद्या ढिगानं पडल्यात आणि त्यातल्या निम्म्या साइटवर बटण दाबलं की काहीतरी नाचतं, पुन्हा दाबलं की पुन्हा तेच नाचतं. माझी कसोटी एकच: त्या साइटवर आपलं गाव शोधता आलं पाहिजे. ते दिसलं की माणूस उठत नाही.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवतो. पीक विम्याच्या दिवसांत सर्व्हर बसला की बाकावर माणसं खोळंबतात आणि स्क्रीन मोकळी असते. अशा वेळी जे चालतं, तेच सांगतो.

पहिला मान ‘रिव्हर रनर’चा. सॅम लर्नर यांनी ही साइट २०२१ मध्ये बनवली. आधी फक्त अमेरिकेपुरती होती, नंतर जगभराची झाली. नकाशावर कुठंही बोट टेकवायचं. तिथं पावसाचा थेंब पडला असं धरून तो उतारानं कुठल्या नाल्यात, कुठल्या नदीत आणि शेवटी कुठल्या समुद्रात जाईल, ते वरून उडत गेल्यासारखं दिसत जातं.

आमच्याकडे हिचा रंग जास्त चढतो, कारण आमच्या जिल्ह्यात पाणी दोन दिशांना फुटतं. पश्चिमेकडचा थेंब पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. पूर्वेकडचा बेंबळेतून वर्धेत. वर्धेला पुढे पैनगंगा मिळते, मग वैनगंगा भेटली की नाव होतं प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, आणि शेवट थेट आंध्रात, बंगालच्या उपसागरात. एका आजोबांनी दोन्ही बाजूंनी थेंब सोडायला लावला आणि म्हणाले, “काहून रे बाबू, जिल्हा तं एकच हाय, मंग पाणी येगयेगळं काहून पयते?” त्यावर बाकावर जो वाद पेटला, तो सर्व्हर सुरू झाला तरी मिटेना.

त्याहून भारी गंमत पाहायची तर मध्य प्रदेशात मुलताईला जा. तापी मुलताईची आणि आपली वर्धाही त्याच भागातली, बैतूल जिल्ह्यातली. जन्म शेजारशेजारचा आणि समुद्र दोन टोकांचे. लहान नाल्यांची नावं मात्र या साइटला ठाऊक नसतात. शिवाय तिचा थेंब अप्पर वर्धा धरणात अडत नाही की कालव्यात वळत नाही, नुसता उतार धरून पळतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला वावर असलेल्यांनी हे जरा दमानं घ्यावं.

दुसरी साइट ‘अर्थ नलस्कूल’. कॅमेरॉन बेकारिओ या माणसानं केलेला हा वाऱ्याचा गोल आहे. हवामानाच्या संगणकी मॉडेलचे आकडे घेऊन तो सगळ्या पृथ्वीवरचा वारा हलत्या रेषांनी काढतो. जून-जुलैत उघडा. विषुववृत्ताच्या खालून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळतो आणि सोमालियावरून अरबी समुद्र ओलांडत कोकणाकडे धावतो, हे स्वच्छ दिसतं. शाळेत आम्ही नैर्ऋत्य मोसमी वारे पाठ केले. ते वळतात कसे, हे मी या साइटवर पाहिलं. बंगालच्या उपसागरात उलट्या काट्यानं फिरणारी भोवरी दिसली की ती ओडिशा-छत्तीसगडवरून इकडे सरकते का, याकडे आमचं लक्ष. आपल्या भागात चांगला पाऊस बऱ्याचदा तिच्याच मागं येतो. तरी ती पाहून पेरणी ठरवू नका. दुबार पेरणीचं बियाणं साइटवाला देत नाही.

‘लाइटनिंग मॅप्स’वर पडणाऱ्या विजा जवळपास त्याच क्षणी ठिपक्यांनी दिसतात. ठिपक्याभोवती वाढत जाणारं वर्तुळ म्हणजे गडगडाट कुठवर पोचला त्याची खूण. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. हौशी लोकांनी घरी बसवलेल्या यंत्रांच्या जाळ्यावर हे चालतं. ते जाळं युरोपात दाट आहे, आपल्याकडे विरळ, त्यामुळे इथली प्रत्येक वीज त्यात येईलच असं नाही. मजा म्हणून ठीक. वावरात असताना मोबाईलमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवा, आणि आभाळ गरजलं की झाडाखाली थांबू नका.

‘रेडिओ गार्डन’ बहुतेकांना माहीत असेल: पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके, ठिपक्यावर गेलं की तिथलं रेडिओ स्टेशन लागतं. २०१६ पासून आहे, नेदरलँड्सची. पोरांना आवडते. मला अर्ध्या तासानं सगळीकडे तीच तीच गाणी वाटतात, पण बातम्या न समजता ऐकण्यात वेगळीच मजा आहे. विमानांसाठी ‘फ्लाइटरडार२४’. नागपूर देशाच्या मधोमध असल्यानं आमच्या डोक्यावरून विमानांची वर्दळ असते, आणि गच्चीवर झोपणाऱ्याला वर लुकलुकतंय ते कुठून कुठं चाललंय हे लगेच कळतं.

गावाची अट मोडून एकच साइट सांगतो. जॉश वर्थ यांच्या पानावर चंद्र एका पिक्सेलएवढा धरून सगळी सूर्यमाला त्याच मापात मांडली आहे. बोटानं सरकवत राहायचं. ग्रह क्वचित येतात, बाकी सगळा काळोख. प्रकाशाच्या वेगानं सरकवायचं एक बटण आहे, ते दाबून बसा. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात. आमच्या बाकावर एवढा धीर फक्त सातवीतल्या एका पोरीनं धरला.

नेट कमी पडत असेल तर हे शेवटचं पान आधी पाहा, ते हलकं आहे. रिव्हर रनरला डेटा भरपूर लागतो, जुन्या मोबाईलवर ती अडखळते. ती संगणकावरच उघडा.