ऊसतोडीला निघालेल्या घरातली चौथीची मुलगी

प्रश्न : आमच्या गावातलं एक जोडपं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघेल. मुलगी चौथीत आहे. तिला सोबत न्यावं की ठेवावं? शाळेचा दाखला काढावा लागेल का?

उत्तर : घरी आजी-आजोबा धड असतील तर ठेवावंच. निघण्याआधी मुख्याध्यापकांना सांगून हंगामी वसतिगृहाच्या (आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या सोयीच्या) यादीत नाव घालायला लावा. तोडकऱ्यांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन आला की माणसं रातोरात निघतात आणि नाव राहून जातं.

न्यायचीच असेल तर दाखल्यासाठी अडू नका. वर्गशिक्षकांकडून शिक्षण हमी कार्ड (मूल कितवीत शिकतंय हे दुसऱ्या शाळेला दाखवायचं कार्ड) घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, कागद भिजतो. मुक्कामाच्या तळाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जन्माच्या पुराव्यासाठीही नाही. परतताना तिथल्या हजेरीची नोंद मागून आणा.

खरी गोम वेगळीच. पहाटे आईबाप उसाच्या फडात गेले की धाकटं भावंड हिच्या कडेवर येतं. ते तीन वर्षांचं असेल तर जवळच्या अंगणवाडीत बसवा. त्याहून लहान असेल तर मुलीला गावीच ठेवणं बरं, नाहीतर प्रवेश होऊनही ती कोपीतच राहते.